स्वांते अऱ्हेनियस

स्वांते ऑगस्ट अऱ्हेनियस (१९ फेब्रुवारी १८५९ – २ ऑक्टोबर १९२७) हे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. भौतिकी रसायनशास्त्र या विद्याशाखेच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. विद्युत अपघटनी पदार्थांच्या विचरणाच्या सिद्धांतासाठी त्यांना १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलल्यास पृथ्वीचे तापमान किती अंशांनी बदलेल, याचा सविस्तर अंकीय अंदाज प्रथम त्यांनी १८९६ साली मांडला. आज ज्या राशीला हवामान संवेदनशीलता म्हटले जाते, तिच्या मोजमापाचा इतिहास सामान्यतः याच गणनेपासून सुरू झाला असे मानतात.

बालपण व शिक्षण

अऱ्हेनियस यांचा जन्म स्वीडनमधील उप्साला शहराजवळच्या विक येथे झाला. त्यांचे वडील स्वांते गुस्ताफ अऱ्हेनियस हे भूमापक होते व उप्साला विद्यापीठाच्या सेवेत होते. आईचे नाव कॅरोलिना थुनबर्ग. स्वांते एक वर्षाचे असताना कुटुंब उप्साला येथे राहावयास आले. वयाच्या तिसऱ्या वर्षी ते स्वतःच वाचावयास शिकले आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांतील आकडे पाहून बेरजा-वजाबाक्या करू लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. उप्सालाच्या कॅथेड्रल शाळेतून १८७६ साली ते उत्तीर्ण झाले.

त्यानंतर त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. मात्र तेथील भौतिकशास्त्राच्या अध्यापनाने त्यांचे समाधान झाले नाही. १८८१ मध्ये ते स्टॉकहोम येथे गेले आणि स्वीडिश विज्ञान अकादमीच्या भौतिकी संस्थेत एरिक एडलुंड यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. अतिशय विरल द्रावणांमधून वीज कशी वाहते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

विचरणाचा सिद्धांत

१८८४ साली त्यांनी उप्साला विद्यापीठाला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. क्षार पाण्यात विरघळल्यावर त्याचे रेणू विद्युतभारित घटकांत विभागले जातात व तेच घटक वीज वाहून नेतात, या विचाराचे बीज त्या प्रबंधात होते. परस्परविरुद्ध भार असलेले कण एकाच द्रावणात सुटे राहू शकतात, ही कल्पना त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना पटण्यासारखी नव्हती. परीक्षकांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. तोंडी बचावानंतर ती किंचित वर गेली, तथापि स्वीडनमध्ये अध्यापनाची उत्तम संधी मिळण्यास ती पुरेशी नव्हती.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील शास्त्रज्ञांना पाठवल्या. रिगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना तिचे महत्त्व लगेच जाणवले व ते स्वतः उप्साला येथे येऊन या तरुण संशोधकाला भेटले. वडिलांच्या आजारपणामुळे अऱ्हेनियस त्या वेळी मायदेश सोडू शकले नाहीत. पुढे अकादमीच्या प्रवासवृत्तीवर त्यांनी रिगा येथे ओस्टवाल्ड, वुर्झबर्ग येथे फ्रीड्रिख कोलराउश, ग्रात्स येथे लुडविग बोल्ट्झमान आणि अॅमस्टरडॅम येथे याकोबस व्हान्ट हॉफ यांच्यासमवेत काम केले. १८८७ मध्ये त्यांनी विचरणाचा सिद्धांत पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. १८८९ साली त्यांनी तापमान वाढल्यावर रासायनिक अभिक्रियेचा वेग का वाढतो याचे स्पष्टीकरण दिले. सक्रियण ऊर्जेची संकल्पना व अऱ्हेनियस समीकरण या नावाने ते आजही शिकवले जाते.

१८९१ साली जर्मनीतील गीसेन येथील प्राध्यापकपद नाकारून ते स्टॉकहोम येथील उच्च शिक्षण संस्थेत व्याख्याता झाले. १८९५ मध्ये ते तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८९७ ते १९०५ या काळात संस्थेचे प्रमुख होते.

हिमयुगाचा प्रश्न

१८९१ साली स्टॉकहोम येथे स्थापन झालेल्या भौतिकशास्त्र मंडळाच्या संस्थापकांपैकी अऱ्हेनियस एक होते. या मंडळात केवळ भौतिकशास्त्रच नव्हे, तर भूविज्ञान, हवामान, सागर व अवकाश यांविषयीही चर्चा होत असे. भूवैज्ञानिक आर्विड हॉगबोम, हवामानशास्त्रज्ञ निल्स एकहोम आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस हे त्याच वर्तुळातील होते. उत्तर युरोप एकेकाळी जाड हिमस्तरांखाली होता हे तोवर मान्य झाले होते. पण तो हिमस्तर कशामुळे आला व कशामुळे गेला, यावर एकमत नव्हते. कार्बन डायऑक्साइडविषयीच्या अऱ्हेनियस यांच्या गणनेचा उगम या प्रश्नात आहे. भविष्यातील तापमानवाढ हा त्यांचा मूळ विषय नव्हता.

वातावरण सूर्यप्रकाशाला आत येऊ देते आणि जमिनीतून निघणारी उष्णता अडवते, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८२४ मध्ये मांडली होती. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट यांनी कार्बन डायऑक्साइडने भरलेले नळकांडे उन्हात साध्या हवेच्या नळकांड्यापेक्षा अधिक तापते असे प्रयोगाने दाखवले. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी लंडन येथे निरनिराळे वायू उष्णतेचे किरण किती शोषतात याची मोजणी केली आणि जलबाष्प व कार्बन डायऑक्साइड हे वायू या कामी महत्त्वाचे असल्याचे सिद्ध केले. कार्बन डायऑक्साइडला त्या काळी कार्बनिक आम्ल म्हणत. या वायूमुळे उष्णता अडते, हे अशा प्रकारे ज्ञात होते. ती किती अंशांएवढी, याचे उत्तर मात्र कोणाजवळ नव्हते.

हॉगबोम यांनी निसर्गातील कार्बनचा जमाखर्च मांडला होता. ज्वालामुखींतून हा वायू बाहेर पडतो, तर खडकांच्या विदारणात व सागरातील चुनखडीच्या निर्मितीत तो वापरला जातो. या दोन बाजूंचा तोल ढळल्यास हवेतील प्रमाण भूवैज्ञानिक कालखंडांत बरेच बदलू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगभरात दरवर्षी जाळल्या जाणाऱ्या सुमारे ५० कोटी टन कोळशातून निघणारा वायू हा वातावरणातील एकूण साठ्याच्या सुमारे एक सहस्रांश असल्याचेही त्यांनी दाखवले.

१८९६ ची गणना

अऱ्हेनियस यांनी १८९४ च्या अखेरीस गणना हाती घेतली व जवळपास वर्षभर ती चालू होती. सर्व आकडेमोड त्यांनी हाताने केली. या काळात त्यांचे खाजगी जीवन अस्वस्थ होते. १८९४ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी सोफिया रुडबेक यांच्याशी विवाह केला होता. १८९५ मध्ये त्यांना ओलोफ हा मुलगा झाला, परंतु १८९६ मध्ये हा विवाह संपुष्टात आला.

गणनेसाठी प्रयोगशाळेतील योग्य मोजमापे उपलब्ध नव्हती. अऱ्हेनियस यांनी त्यासाठी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला. लँग्ली यांनी बोलोमीटर या अतिसंवेदनशील उपकरणाने चंद्राकडून येणारे अवरक्त किरण मोजले होते. चंद्र डोक्यावर असताना त्याचे किरण हवेच्या कमी जाडीतून येतात, क्षितिजाजवळ असताना अधिक जाडीतून येतात. हवेतील दमटपणाही रात्रीगणिक वेगळा असतो. या फरकांवरून जलबाष्प किती उष्णता शोषते आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे अऱ्हेनियस यांनी वेगवेगळे काढले. चंद्राचे तापमान मोजण्यासाठी केलेली निरीक्षणे अशा रीतीने पृथ्वीच्या हवामानाच्या प्रश्नासाठी उपयोगात आली.

पुढची पायरी उष्णतेच्या समतोलाची होती. त्यांनी ७० अंश उत्तर ते ६० अंश दक्षिण अक्षांशांपर्यंतचा पृथ्वीचा पृष्ठभाग दहा-दहा अंशांच्या पट्ट्यांत विभागला आणि प्रत्येक पट्ट्यासाठी वर्षातील चार ऋतूंचा स्वतंत्र विचार केला. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण तत्कालीन प्रमाणाच्या ०.६७, १.५, २, २.५ व ३ पट धरून तापमानातील बदल काढला. हवा तापल्यास तिच्यात अधिक बाष्प सामावते आणि ते बाष्प स्वतः उष्णता अडवून तापमान आणखी वाढवते, हे त्यांनी लक्षात घेतले होते. त्यासाठी सापेक्ष आर्द्रता कायम राहते असे गृहीत धरून त्यांनी प्रत्येक आकडा पुन्हा दुरुस्त केला. बर्फाच्छादन घटल्यास जमीन अधिक सूर्यप्रकाश शोषते, याचाही त्यांनी उल्लेख केला. ढगांचे प्रमाण तसेच वारे व सागरप्रवाह यांनी होणारे उष्णतेचे वहन मात्र न बदलणारे मानले.

हे काम डिसेंबर १८९५ मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीपुढे सादर झाले आणि एप्रिल १८९६ मध्ये त्याचा संक्षेप लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिन या नियतकालिकात इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य निष्कर्ष असे होते:

कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान अक्षांश व ऋतू यांनुसार सुमारे ५ ते ६ अंश सेल्सियसने वाढेल. हे प्रमाण तत्कालीन प्रमाणाच्या ०.६२ ते ०.५५ पट इतके घटल्यास ४० ते ५० अंश अक्षांशांमध्ये तापमान ४ ते ५ अंशांनी उतरेल, म्हणजे हिमयुगाची स्थिती येईल. वायूचे प्रमाण भूमिती श्रेढीने वाढल्यास तापमान जवळपास अंकगणिती श्रेढीने वाढते. याचा अर्थ असा, की प्रत्येक दुपटीमुळे होणारी तापमानवाढ साधारण सारखीच असते. विषुववृत्ताजवळ बदल कमी व ध्रुवांकडे अधिक असेल. उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात, सागरापेक्षा जमिनीवर आणि दक्षिण गोलार्धापेक्षा उत्तर गोलार्धात तो जास्त जाणवेल. दिवस व रात्र यांच्या तापमानातील फरक कमी होईल.

या कामानंतर १८९६ च्या उन्हाळ्यात अऱ्हेनियस जलवैज्ञानिक म्हणून सालोमन आंद्रे यांच्या मोहिमेसोबत स्पिट्सबर्गेन बेटावर गेले. अनुकूल वारा न मिळाल्याने त्या वर्षी फुगा उडालाच नाही. पुढील वर्षी आंद्रे यांनी पुन्हा प्रयत्न केला, त्यात ते व त्यांचे दोन सहकारी प्राणास मुकले.

आक्षेप व दुरुस्ती

१९०० साली उप्साला येथील भौतिकशास्त्रज्ञ क्नुट आंगस्ट्रॉम यांनी या गणनेवर गंभीर आक्षेप घेतला. नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्याचे प्रमाण बदलले असता उष्णतेच्या शोषणात फारसा फरक पडत नाही, असे त्यांच्या प्रयोगातून दिसले. हवेत आधीच असलेला वायू शक्य तेवढे किरण शोषून घेतो आणि उरलेले काम बाष्प करते. म्हणून आणखी वायूने काहीच बिघडत नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला. अऱ्हेनियस यांनी १९०१ मध्ये त्यास उत्तर दिले, तरी पुढील काही दशके बहुतेक हवामानशास्त्रज्ञांनी आंगस्ट्रॉम यांचीच बाजू ग्राह्य मानली.

या आक्षेपातील उणीव वातावरणाच्या उंचीशी संबंधित होती. पृथ्वीची उष्णता एका थरातून थेट अवकाशात जात नाही. ती थराथरांतून शोषली व पुन्हा उत्सर्जित केली जाते आणि शेवटी विरळ, थंड व कोरड्या हवेच्या वरच्या थरांतून बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइड वाढला की उत्सर्जनाचा हा थर आणखी वर, अधिक थंड हवेत सरकतो. थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते, आणि समतोल साधण्यासाठी खालील पृष्ठभागाला तापावे लागते. एकहोम यांनी १९०१ मध्येच हा मुद्दा मांडला होता, पण त्याची पुरेशी दखल त्या वेळी घेतली गेली नाही.

अऱ्हेनियस यांनी स्वतःचा आकडा अंतिम मानला नाही. नवी मोजमापे वापरून १९०६ मध्ये त्यांनी दुपटीसाठी १.६ अंश, आणि बाष्पाचा परिणाम धरल्यास २.१ अंश असा अंदाज दिला. त्याच सुमारास सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या, १९०८ मध्ये इंग्रजीत अनुवादित झालेल्या विश्वाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथात मात्र त्यांनी दुपटीसाठी ४ अंश व चौपटीसाठी ८ अंश हे आकडे दिले. एकाच संशोधकाच्या अंदाजात दहा-बारा वर्षांत २ ते ६ अंश एवढी तफावत दिसते. तिचे कारण उष्णताशोषणाच्या मोजमापांची अपुरी अचूकता हे होते.

मानवी हस्तक्षेपाविषयीचे मत

कोळसा जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो, हे अऱ्हेनियस यांनी स्पष्टपणे ओळखले होते. १८९६ च्या सुमारास त्यांचा समज असा होता की लक्षणीय वाढीला हजारो वर्षे लागतील. १९०४ पर्यंत कोळशाचा वार्षिक वापर ९० कोटी टनांवर गेला होता. हे पाहून त्यांनी आपल्या ग्रंथात हा परिणाम काही शतकांत जाणवू शकेल असे लिहिले. उत्सर्जित वायूपैकी सुमारे पाच षष्ठांश भाग सागर शोषून घेईल, असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात सागर सुमारे एक चतुर्थांश भाग शोषतो व जवळपास निम्मा हवेतच राहतो. कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांचा वापर विसाव्या शतकात किती वाढेल, याचाही अंदाज त्यांना येणे शक्य नव्हते.

या तापमानवाढीकडे ते संकट म्हणून पाहत नव्हते. थंड प्रदेशांतील हवामान सौम्य होईल, पिके अधिक येतील व वाढत्या लोकसंख्येला अन्न मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढील हिमयुग टळेल, हाही त्यांना लाभ वाटत होता. दीर्घ हिवाळ्याच्या देशात राहणाऱ्या व हिमयुगाच्या प्रश्नावरून या विषयाकडे वळलेल्या अभ्यासकाचे हे मत होते. उष्ण कटिबंधातील शेती, सागराची पातळी किंवा बदलाचा वेग यांचा विचार त्यात आलेला नाही.

इतर कार्य

१९०१ मध्ये तीव्र विरोधास तोंड देऊन अऱ्हेनियस स्वीडिश विज्ञान अकादमीवर निवडून आले. १९०२ साली त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक व १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९०५ मध्ये बर्लिनहून प्राध्यापकपदाचे निमंत्रण आले असता अकादमीने त्यांच्यासाठी भौतिकी रसायनशास्त्राची नोबेल संस्था स्थापन केली. तिचे प्रमुखपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. त्याच वर्षी त्यांनी मारिया योहान्सन यांच्याशी दुसरा विवाह केला; या विवाहापासून त्यांना एक मुलगा व दोन मुली झाल्या.

विषद्रव्ये व प्रतिविषे यांच्या अभिक्रियांना भौतिकी रसायनशास्त्राचे नियम लावण्याचा प्रयत्न त्यांनी केला. या विषयावर त्यांनी १९०४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात व्याख्याने दिली. सूक्ष्म बीजाणू प्रकाशाच्या दाबाने अवकाशातून प्रवास करून एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी पोहोचवू शकतात, अशी कल्पनाही त्यांनी मांडली.

त्यांच्या कारकिर्दीतील काही बाबींवर टीका होते. नोबेल पारितोषिकाच्या व्यवस्थेत त्यांचा मोठा प्रभाव होता आणि १९०६ मध्ये दमित्री मेंडेलिव्ह यांना पारितोषिक न मिळण्यामागे तो कारणीभूत ठरला, असे अनेक विज्ञानेतिहासकार मानतात. स्वीडनमधील वंशशुद्धीवादी संघटनेच्या मंडळाचे ते सदस्य होते. तसेच १९२२ मध्ये उप्साला येथे स्थापन झालेल्या वंशजीवशास्त्र संस्थेच्या निर्मितीस त्यांनी पाठिंबा दिला होता.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन उप्साला येथे करण्यात आले.

वारसा

अऱ्हेनियस यांच्या मृत्यूच्या वेळी हवामानावरील त्यांचे काम जवळपास बाजूला पडले होते. १९३८ मध्ये इंग्लंडमधील वाफेच्या यंत्रांचे अभियंते गाय कॅलेंडर यांनी जगातील हवामान केंद्रांच्या नोंदी एकत्र करून तापमान वाढत असल्याचे दाखवले व दुपटीसाठी सुमारे २ अंश हा अंदाज दिला. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी अवरक्त शोषणाच्या नव्या माहितीवरून व संगणकाच्या साहाय्याने ३.६ अंश हा आकडा काढला. १९६७ मध्ये स्युकुरो मनाबे व रिचर्ड वेदराल्ड यांनी उभ्या थरांतील उष्णतेचे अभिसरण विचारात घेऊन, आणि अऱ्हेनियस यांच्याप्रमाणेच सापेक्ष आर्द्रता स्थिर मानून, सुमारे २.३ अंश हे उत्तर मिळवले. १९७९ मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १.५ ते ४.५ अंश ही मर्यादा सांगितली. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामानबदल समितीने २०२१ च्या अहवालात सर्वोत्तम अंदाज ३ अंश व संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंश अशी दिली आहे.

या तुलनेत अऱ्हेनियस यांचा १८९६ मधील आकडा जास्त होता. लँग्ली यांच्या निरीक्षणांतून बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांचे शोषण अचूकपणे वेगळे करणे कठीण होते आणि वातावरणाची त्यांनी धरलेली रचना फारच सोपी होती. काही चुका एकमेकींना छेद देणाऱ्याही होत्या. त्यामुळे त्यांचे उत्तर आधुनिक आकड्याच्या जवळ येणे हा काही अंशी योगायोग होता, असे अभ्यासक मानतात. गणनेची मांडणी मात्र टिकून राहिली. दुपटीला एकक मानणे, बाष्पाचा परिणाम जोडणे, अक्षांश व ऋतू वेगळे काढणे या गोष्टी नंतरच्या प्रतिमानांतही दिसतात. ध्रुवीय प्रदेश अधिक तापतील हा निष्कर्ष उत्तर ध्रुवीय प्रदेशातील निरीक्षणांनी खरा ठरला आहे. ढगांविषयीचा प्रश्न, जो त्यांनी ढगांचे प्रमाण स्थिर धरून बाजूला ठेवला, तो आजही या अंदाजातील अनिश्चिततेचे सर्वांत मोठे कारण आहे.

१९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साइडची अखंड मोजणी सुरू केली. त्या वेळी हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते प्रमाण ४२० च्या वर गेले आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते. म्हणजे अऱ्हेनियस यांनी हिशेबात घेतलेली दीडपटीची पायरी, जिच्यासाठी त्यांनी हजारो वर्षांचा कालावधी धरला होता, ती औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीच्या तुलनेत ओलांडली गेली आहे. कीलिंग ज्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत कार्यरत होते, त्याच संस्थेत अऱ्हेनियस यांचे नातू गुस्ताफ अऱ्हेनियस हेही संशोधक होते.